मुले कोणाच्या हवाली?

(अभ्यासासाठी वाचन : १ शमुवेल १:२१ ते ४:१८, यहेज्केल १८, लूक २:४१-५२)



शाळेत गोळीबार झाला, मुले दगावली, अशी बातमी अमेरिकेतून अधूनमधून येते. आपण हळहळतो, 'त्या देशात बंदुकाच फार' असे म्हणतो आणि वर्तमानपत्राचे पान उलटतो. बंदुका फार आहेत हे खरेच आहे. पण अशा प्रत्येक घटनेनंतर तिथे जो प्रश्न उभा राहतो तो बंदुकीपाशी संपत नाही. मुलाला सांभाळायचे कोणी? आई-वडील शाळेकडे बोट दाखवतात, शाळा आई-वडिलांकडे. आणि मधल्या मध्ये जी मुले गेली त्यांचे आई-वडील रिकाम्या खोलीत बसून विचारीत राहतात की, हे कोणालाच आधी कळले नव्हते का?

ह्या अभ्यासलेखात आपण अशाच एका घटनेचा आणि नंतर न्यायालयात जे ठरले त्याचा विचार करणार आहोत, आणि तो पवित्र शास्त्राच्या व ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या प्रकाशात करणार आहोत. ज्या मुलाने गोळ्या झाडल्या त्याचे नाव आम्ही मुद्दामच घेत नाही. दगावलेल्या मुलांची नावेही त्यांच्या घरच्यांच्या दु:खाचा मान राखून इथे दिलेली नाहीत.

ऑक्सफर्डच्या शाळेत काय घडले?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराच्या उत्तरेस ऑक्सफर्ड नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास, पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मरण पावले. त्यांत सर्वांत लहान मुलगी चौदा वर्षांची होती. सहा विद्यार्थी व एक शिक्षिका जखमी झाल्या.

पण ही घटना त्या दुपारी सुरू झाली नव्हती. तिच्या आधीचे चार दिवस नीट पाहू या.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर. मुलाला सोबत घेऊन वडिलांनी पिस्तूल विकत घेतले.

शनिवार. आई मुलाला त्याच पिस्तुलाने नेमबाजीच्या सरावासाठी घेऊन गेली.

सोमवार. मुलगा वर्गात मोबाईलवर काडतुसांची माहिती शोधत असल्याचे शिक्षिकेने पाहिले. शाळेने आईला फोन करून निरोप ठेवला. आईने शाळेला उलट फोन केला नाही. तिने मुलालाच मोबाईलवर संदेश पाठवला. आपण रागावलेलो नाही, मात्र पकडले जाणार नाही एवढे शिकायला हवे, असा त्या संदेशाचा थट्टेखोर आशय होता.

मंगळवार सकाळ. गणिताच्या कागदावर त्याने पिस्तुलाचे, गोळीचे व रक्तबंबाळ माणसाचे चित्र काढले होते. मनातले विचार थांबत नाहीत, मला मदत करा, अशा अर्थाचे शब्दही त्याने तिथेच लिहिले होते. शिक्षिकेने ते पाहून लगेच कळवले. तिने आपले काम चोख केले. समुपदेशकाने आई-वडिलांना शाळेत बोलावून घेतले. मुलाला अठ्ठेचाळीस तासांच्या आत मानसोपचाराची मदत मिळायला हवी असे त्यांना सांगितले, जमल्यास आजच न्या असेही सुचवले. आई-वडील म्हणाले, आज जमणार नाही, कामावर परतायचे आहे. थोड्याच वेळात ती भेट संपली. मुलगा वर्गात परत गेला.

त्या खोलीत चार मोठी माणसे होती : आई, वडील, समुपदेशक आणि विद्यार्थ्यांच्या शिस्तीची जबाबदारी असलेला एक अधिकारी. कागदावर पिस्तुलाचे चित्र होते. चार दिवसांपूर्वी घरात तसेच पिस्तूल आले आहे हे आई-वडिलांना ठाऊक होते, पण त्यांनी ते सांगितले नाही. घरात शस्त्र आहे का, हे शाळेच्या माणसांनी विचारले नाही. मुलाचे दप्तर त्याच कार्यालयात आणले गेले होते आणि न उघडता त्याच्या हाती परत दिले गेले. पिस्तूल त्या दप्तरात होते.

शाळेच्या माणसांच्या मनात वाईट हेतू नव्हता हेही सांगायला हवे. मुलगा स्वत:च्याच जिवाचे काही बरेवाईट करील अशी समुपदेशकाला भीती वाटत होती. घरी एकटा राहण्यापेक्षा तो वर्गात मुलांमध्ये असलेला बरा, असा त्याने विचार केला. आई-वडिलांनाही आपला मुलगा कोणाचा जीव घेईल असे वाटले नव्हते. कोणालाच तसे वाटले नव्हते. म्हणूनच ही घटना आपण नीट अभ्यासली पाहिजे. दुष्ट माणसांची गोष्ट वाचून आपण सुटतो. आपल्यासारख्याच माणसांची गोष्ट वाचताना सुटता येत नाही.

नंतर काय झाले?

मुलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मरेपर्यंत तुरुंगवासाची, सुटकेची आशा नसलेली शिक्षा झाली.

पण सरकारी वकील कॅरन मॅक्डॉनल्ड तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी आई-वडिलांवरही खटला भरला. आईला ६ फेब्रुवारी २०२४ रोजी व वडिलांना १४ मार्च २०२४ रोजी ज्यूरीने सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. ९ एप्रिल २०२४ रोजी दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेत मुलाने केलेल्या सामूहिक हत्येसाठी आई-वडिलांना अशा प्रकारे थेट मनुष्यवधाचे दोषी ठरवण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ होती.

खटल्यात अनेक गोष्टी पुढे आल्या. पिस्तुलासोबत मिळालेले कुलूप पाकिटातून बाहेरही काढलेले नव्हते. मुलाने काही महिन्यांपूर्वी आपल्या मित्राला लिहिले होते की, डॉक्टरकडे न्या असे मी घरी सांगितले, पण वडिलांनी सहन करायला सांगितले आणि आई हसली. त्याची अवस्था तातडीने डॉक्टरांना दाखवण्याइतकी गंभीर वाटली नव्हती, असे आईने साक्षीत सांगितले. शिक्षा सुनावताना न्यायाधीश शेरिल मॅथ्यूज ह्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. ही शिक्षा मुलाला नीट वाढवता आले नाही म्हणून नाही. समोरून येणारे संकट थांबवता येत असताना जे पुन:पुन्हा केले गेले आणि जे केले गेले नाही, त्याबद्दल ती आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

मग शाळेचे काय? शाळेच्या एकाही कर्मचाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. गेलेल्या मुलांच्या पालकांनी नुकसानभरपाईचे दावे केले. परंतु सरकारी संस्थांना कायद्याने दिलेल्या संरक्षणाचा आधार घेऊन मिशिगनच्या अपील न्यायालयाने २०२४ साली शाळेच्या बाजूने निकाल दिला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी करून देण्याची तयारी दाखवली होती, तीही शाळा मंडळाने नाकारली. शेवटी मंडळाने नेमलेल्या एका स्वतंत्र संस्थेचा अहवाल ऑक्टोबर २०२३ मध्ये बाहेर आला. पाचशेहून अधिक पानांच्या ह्या अहवालात शाळेच्या उणिवा स्पष्ट शब्दांत मांडल्या होत्या. धोक्याची चिन्हे दिसल्यावर करायची जी रीतसर पाहणी होती ती शाळेने केलीच नाही. ती केली असती तर ही हानी टळली असती. अनेक कर्मचाऱ्यांनी चौकशीत बोलण्याचे नाकारले. ज्यांची मुले गेली त्या आई-वडिलांना जेवढी शिक्षा हवी होती तेवढेच सत्यही हवे होते, आणि ते त्यांना दोन वर्षे मागत बसावे लागले.

शास्त्र काय सांगते?

बापाच्या पापाचा भार मुलावर नाही आणि मुलाच्या पापाचा भार बापावर नाही, असे यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात ठामपणे सांगतो. मग पोटच्या मुलाच्या गुन्ह्यासाठी आई-वडिलांना तुरुंगात टाकणे हे ह्या शिकवणुकीविरुद्ध नाही का? पुष्कळ चांगल्या ख्रिस्ती माणसांनाही हा प्रश्न पडला असेल. त्याचे उत्तर शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात सापडते.

शिलो येथे एली नावाचा वृद्ध याजक होता. त्याचे दोन मुलगे, हफनी व फिनहास, याजकपणाचा गैरवापर करीत. लोकांनी देवाला आणलेल्या बलीतील मांस ते जबरदस्तीने काढून घेत. एलीच्या कानावर सारे आले होते. त्याने मुलांना बोलावून खडसावलेही. पण खडसावण्यापलीकडे काही केले नाही. त्यांचा अधिकार काढून घेतला नाही. देवाने जो दोष एलीवर ठेवला तो नीट वाचा (१ शमु. ३:१३). मुलांनी पाप केले हा तो दोष नव्हे. त्याला ते ठाऊक होते आणि त्याने त्यांना रोखले नाही, हा तो दोष होता. मुलांचे पाप मुलांच्या माथी आणि एलीचे पाप एलीच्या माथी. यहेज्केलच्या शब्दाला कोठेही बाध येत नाही. ऑक्सफर्डच्या निकालातही हाच भेद केलेला दिसतो.

एलीच्या कथेची दुसरी बाजू मात्र आपण बहुधा विसरतो. त्याच वेळी, त्याच मंदिरात एक लहान मूल वाढत होते. हन्नाने नवस केल्याप्रमाणे आपला शमुवेल एलीच्या हवाली केला होता. आजच्या भाषेत बोलायचे तर एली हा त्याचा शिक्षक आणि मंदिर ही त्याची शाळा, बोर्डिंगसुद्धा! मूल सोपवल्यावर हन्ना काय करते? दरवर्षी ती शमुवेलासाठी एक लहान झगा शिवून घेऊन येते (१ शमु. २:१९). दर वर्षी झगा शिवायचा म्हणजे यंदा लेकरू किती वाढले असेल ह्याचा विचार करायचा; त्याच्या अंगावर तो घालून पाहायचा. हन्नाने मूल सोपवले होते, सोडून दिले नव्हते. सोपवणे आणि सोडून देणे ह्यांतला फरक तो झगा सांगतो.

आणि एली? स्वत:च्या मुलांच्या बाबतीत जो कमी पडला, तोच शिष्याच्या बाबतीत शहाणपणाने वागला. रात्री शमुवेल तीन वेळा उठून त्याच्याकडे आला. पहिल्या दोन वेळा त्याने त्याला परत झोपायला पाठवले. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्या लक्षात आले की हे काही साधे नाही. मग त्याने मुलाला काय करायचे ते शिकवले, आणि सकाळ होताच विचारले की, काय झाले ते मला सांग, काही लपवू नकोस. आपल्याला जे ऐकावे लागणार ते आपल्याच विरुद्ध असेल ह्याची शंका असूनही त्याने विचारले. शिक्षकाने असेच असावे. मूल पुन:पुन्हा दाराशी येते तेव्हा त्याला काहीतरी सांगायचे असते.

आता लूकच्या शुभवर्तमानातील ओळखीचा प्रसंग घ्या. यरुशलेमहून परतताना बारा वर्षांचा येशू सोबत असेल असे मरिया व योसेफ समजून चालले. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर त्यांना कळले की तो नाही. नातलगांत असेल, ओळखीच्यांत असेल, असे समजून चालणे हे सर्वांकडून घडते, पवित्र कुटुंबाकडूनही घडले. पण नंतरचे पाहा. कळताक्षणी त्यांनी पुढची वाट सोडली आणि मागे फिरले. तो सापडेपर्यंत शोधले. सापडल्यावर मरियेने आपली काळजी न लपवता मुलाला सरळ प्रश्न विचारला. त्याचे उत्तर त्यांना पूर्णपणे उमगले नाही, तरी तिने ते अंत:करणात जपून ठेवले. ऑक्सफर्डच्या कार्यालयात त्या सकाळी नेमका हाच क्षण आला होता : मूल हरवले आहे असे कळण्याचा क्षण. तेव्हा मागे फिरायला हवे होते.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी एक जाहीरनामा काढला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, आई-वडील हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक आहेत, आणि हे काम त्यांच्याकडून झाले नाही तर त्याची भरपाई करणे फार कठीण असते. शाळेची भूमिका साहाय्यकाची आहे. साहाय्यक म्हणजे कमी महत्त्वाचा नव्हे. पण मुख्य शिक्षकाने हात वर केले म्हणून साहाय्यकानेही हात वर करायचे असा त्याचा अर्थ होत नाही. मूल ज्या घडीला ज्याच्या नजरेसमोर आहे, त्या घडीला ते त्याचे आहे.

कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. १८६८) दुसऱ्याच्या पापात आपण कसे भागीदार होतो ते सांगतो. आज्ञा देऊन, सल्ला देऊन, वाखाणून आपण भागीदार होतो, तसेच सांगण्याचे वा थांबवण्याचे आपले कर्तव्य असताना न सांगता, न थांबवताही भागीदार होतो. मिस्साच्या प्रारंभी पापांची कबुली देताना आपण विचार, शब्द व कृती ह्यांच्या जोडीला जे करायचे राहून गेले त्याचीही क्षमा मागतो. ते शब्द तोंडपाठ असल्यामुळे घाईने निसटून जातात. पापनिवेदनाला जातानाही आपण काय केले त्याची यादी करतो. काय केले नाही त्याची यादी फार क्वचित होते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली कुटुंबप्रेमावर लिहिलेल्या प्रेषितपत्राच्या सातव्या अध्यायात पालकांना एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. मूल ह्या घटकेला कोठे आहे आणि कोणाबरोबर आहे, एवढ्यावर सतत पहारा ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे. मनाने ते कोठे आहे, कशावर त्याचा विश्वास आहे, त्याला काय हवे आहे, हा खरा प्रश्न आहे. आपल्याला त्याचे मन कळते का, आणि मुळात ते कळून घ्यायचे आहे का, असेही ते विचारतात.

हे फक्त तिकडचेच आहे का?

नाही. ११ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीजवळच्या गुडगावमधील एका खाजगी शाळेत आठवीतल्या विद्यार्थ्याला त्याच्याच दोन सोबत्यांनी गोळ्या घालून ठार मारले. पिस्तूल घरातले होते, त्यांतील एकाच्या वडिलांचे. तेव्हाही घर व शाळा ह्यांची बोटे एकमेकांकडे वळली होती.

१९९९ साली कोलोरॅडोतील कोलंबाईन हायस्कूलमध्ये बारा विद्यार्थी व एक शिक्षक मारले गेले. त्यानंतर अमेरिकेच्या सरकारने १९७४ ते २००० ह्या काळातील अशा ३७ घटनांचा अभ्यास करवून घेतला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तीन निष्कर्ष प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. दोन तृतीयांशांहून अधिक मुलांनी शस्त्र स्वत:च्या घरातून किंवा नातलगाच्या घरातून आणले होते. जवळजवळ सर्वच मुलांच्या वागण्यात आधी काही ना काही काळजीचे आढळले होते. आणि दहांपैकी आठ घटनांत निदान एका तरी माणसाला आधी कल्पना होती. ते माणूस बहुतेक वेळा बरोबरीचा मित्र किंवा शाळासोबतीच असे. म्हणजे कोणालाच माहीत नव्हते असे नाही. ज्याला माहीत होते तो बोलला नाही, किंवा बोलला ते पुढे पोचले नाही.

आपल्या घरांत पिस्तूल नसते, म्हणून हा धडा आपला नाही असे समजू नये. घरात ठाऊक असलेली आणि शाळेला न सांगितलेली गोष्ट आपल्याकडेही असते. बापाचे पिणे, आई-वडिलांमधली रोजची भांडणे, घरातला मृत्यू, मुलाची न झोपता मोबाईलवर जाणारी रात्र. लोक काय म्हणतील म्हणून आपण झाकून ठेवतो. शाळेत ठाऊक असलेली आणि घरी न पोचलेली गोष्टही असते : वर्गात चिडवले जाणारे मूल, डबा एकट्याने खाणारे मूल, वहीच्या शेवटच्या पानावरचे चित्र. पालकसभेत आपण गुण विचारतो, बाई गुण सांगतात, सही होते आणि सभा संपते. मग एखाद्या दिवशी आपल्याकडचे मूल बंदूक न घेता स्वत:चाच जीव घेते, आणि आपण पुन्हा एकमेकांकडे पाहतो.

क्षमा आणि सत्य

अशा प्रसंगानंतर ख्रिस्ती माणसाने दोषी घराशी कसे वागावे? अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २ ऑक्टोबर २००६ रोजी एका माणसाने आमिश पंथाच्या लहानशा शाळेत शिरून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या. त्याच दिवशी आमिश समाजाची माणसे मारेकऱ्याच्या विधवेच्या व आई-वडिलांच्या घरी सांत्वनाला गेली. त्याच्या दफनविधीलाही ते हजर राहिले. त्या माणसाच्या घरच्यांना काहीच ठाऊक नव्हते, तरी लाज त्यांच्या वाट्याला आली होती, आणि ती त्यांना एकट्याने वाहू दिली गेली नाही. ही शाळा पाडून टाकण्यात आली आणि २००७ च्या एप्रिलमध्ये जवळच नवी शाळा सुरू झाली.

क्षमा म्हणजे चौकशी नको असे नव्हे. ज्याचे मूल गेले त्याला 'झाले गेले विसरा' असे सांगणे ही क्षमा नव्हे, तो त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. पापनिवेदनातसुद्धा पाप नाव घेऊन सांगितल्यावर क्षमा मिळते. शाळेने आपल्या उणिवा स्वत:हून, लवकर आणि पूर्ण सांगाव्यात. वकिलाच्या सल्ल्यामागे लपलेले मौन दु:खी आई-वडिलांना दगडासारखे लागते. आणि आपण बाकीच्यांनी 'असे कसे ते आई-बाप' म्हणून चघळत बसू नये. स्वत:चे घर सुरक्षित आहे असे वाटावे म्हणून आपण दुसऱ्याच्या घराला नावे ठेवतो.

आपण काय करू शकतो?

पालकांनी : मुलाची रोज दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून विचारपूस करावी, आणि उत्तर न आवडले तरी रागावू नये. शाळेतून निरोप आला तर मुलाकडे हसून सोडून न देता त्याच दिवशी शाळेशी बोलावे. घरात घडलेली मोठी गोष्ट वर्गशिक्षकांच्या कानावर घालावी. ज्या वस्तूंनी इजा होऊ शकते त्या कुलपात ठेवाव्यात आणि किल्ली स्वत:जवळ ठेवावी. मिशिगन राज्यात अल्पवयीन मूल असलेल्या घरी बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. चार मुले गेल्यावर तो आला. किल्ली खिशात ठेवायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

शाळांनी, विशेषत: आपल्या मिशनरी शाळांनी : काळजीचे काही दिसले तर ते कोणी कोणाला कळवायचे आणि शेवटचा निर्णय कोणाचा, हे आधीच ठरवून ठेवावे. पालकांना बोलावले तर अवघड प्रश्नही विचारावेत. 'आज जमणार नाही' हे उत्तर शेवटचे मानू नये. घरातले दुसरे कोणी, आजी, मामा, धर्ममातापिता येऊ शकतात का, ते पाहावे. तोवर मुलाला एकटे सोडू नये.

मुलांनी : सोबत्याने स्वत:ला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे बोलून दाखवले तर ते गुपित नव्हे. मोठ्या माणसाला सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, जीव वाचवणे होय.

धर्मग्रामाने : मन आजारी पडणे ही लाजेची गोष्ट नाही, हे व्यासपीठावरून सांगितले जावे. मनाने आजारी असलेली बहुतेक माणसे कोणालाही इजा करीत नाहीत. त्यांना भीती नको, सोबत हवी असते. मदतीसाठी मुलांची हेल्पलाईन १०९८ आहे, आणि सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलते. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे क्रमांक फळ्यावर लिहून ठेवण्यास काहीच हरकत नसावी.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. एलीने मुलांना खडसावले होते. मग तो कोठे कमी पडला? आपल्या घरी 'बोलून झाले' म्हणजे 'काम झाले' असे आपण कधी समजतो?

२. हन्नाच्या झग्यासारखी कोणती गोष्ट आपण आपल्या मुलासाठी नियमाने करतो, ज्यातून त्याची वाढ आपल्या हाताला कळते?

३. आपल्या मुलाविषयी शाळेला ठाऊक असायला हवी अशी, आपण न सांगितलेली एखादी गोष्ट आहे का?

४. आपल्या वाडीत ज्या घराकडे बोट दाखवले जाते, त्या घरी ह्या आठवड्यात कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू बारा वर्षांचा असताना तुझ्या आई-वडिलांनी तुला तीन दिवस शोधले. आमच्या घरांत आणि शाळांत जी मुले आमच्या नजरेसमोर असूनही हरवली आहेत, त्यांच्याकडे मागे फिरण्याची आम्हांला बुद्धी दे. जे ठाऊक आहे ते सांगण्याचे धैर्य दे, जे ठाऊक नाही ते विचारण्याची नम्रता दे. ज्यांची मुले शाळेतून घरी परतली नाहीत त्या मातापित्यांना तुझ्या दु:खी मातेच्या जवळ ठेव. आमेन.